खाटांचे गणित

खाट रिकामी नाही म्हणून रुग्णास परत पाठवावे लागणे, यासारखे शल्य आम्हां व्यवस्थापनातील मंडळींना दुसरे नाही. "खाटा वाढवीत का नाही?" असे हितचिंतक विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु दात्यांपुढे हात पसरण्यापूर्वी आहेत त्या खाटांचा हिशेब तपासणे आम्ही कर्तव्य समजतो.

रोज दाखल होणाऱ्या रुग्णांच्या सरासरी संख्येस वास्तव्याच्या सरासरी दिवसांनी गुणले, की एका वेळी सरासरी किती खाटा व्यापलेल्या राहतील ते कळते. अमेरिकन अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ साली या नियमाची गणिती सिद्धता मांडली. समजा, एका विभागात रोज १० रुग्ण येतात व प्रत्येक जण ५ दिवस राहतो; तर ५० खाटा व्यापतात. वास्तव्य अर्ध्या दिवसाने घटले, तर ४५ पुरतात. एक वीटही न रचता ५ खाटा मोकळ्या होतात!

हा अर्धा दिवस उपचारांतून काढावयाचा नाही. पूर्ण बरे वाटण्याआधी रुग्णास घरी धाडणे ही काटकसर नव्हे. डॉक्टर सकाळी घरी जाण्यास अनुमती देतात. त्यानंतर डिस्चार्ज कार्ड, उरलेल्या औषधांची परतफेड, प्रयोगशाळेचे अखेरचे देयक यांत संध्याकाळ होते. तोवर नवा रुग्ण बाहेर बाकावर ताटकळतो.

सर्वाधिक विलंब निर्धन रुग्णांस सोसावा लागतो, हे आम्ही खेदाने नमूद करतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. सवलतीसाठी शिधापत्रिका वा उत्पन्नाचा दाखला तपासावा लागतो. ती तपासणी आम्ही अखेरच्या दिवशी करीत असू. दोष आमचाच होता. आता कागदपत्रे दाखल होतानाच पाहिली जातात, आणि उद्या घरी जाऊ शकणाऱ्यांची यादी परिचारिका आदल्या संध्याकाळीच लेखा विभागास देतात.

मात्र सर्व खाटा सदैव भरलेल्या असणे हेही भूषण नव्हे. रुग्ण ठरावीक गतीने येत नाहीत; अपघातग्रस्तासाठी काही खाटा मोकळ्या हव्यातच.

नातेवाइकांनी कागदपत्रे पहिल्याच दिवशी आणावीत, ही नम्र विनंती. दात्यांनी दिलेली प्रत्येक खाट गरजूस वेळेवर मिळावी, यातच त्या दानाचे सार्थक आहे.