स्वाध्याय : नकार आला, आता पुढं काय?



मागच्या महिन्यात बेळगावच्या अभ्यासवर्गात एका मावशींनी विचारलं, "मुलगा मुलाखतीत तिसऱ्यांदा नापास झाला. तीन दिवस धड जेवला नाही. त्याला काय सांगू?" आम्ही सगळेच गप्प झालो. कारण हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कधी ना कधी येऊन गेलाय. म्हणून आजचा पाठ त्यावरच.

*१. आधी शब्द सुधारू या.*
मावशी 'नापास' म्हणाल्या. पण मुलाखत म्हणजे निवड. जागा एक आणि माणसं दहा असली, की नऊ जणांना नकार येणारच. यूपीएससीचंच बघा. तिथं मुलाखतीला जागांच्या साधारण दुप्पट उमेदवार बोलावतात. म्हणजे पूर्व आणि मुख्य, दोन्ही परीक्षा पार केलेल्यांपैकी जवळपास निम्मे रिकाम्या हाती परततात. ते सगळे नालायक असतात का? नाही ना? मग आपलंच पोर कसं?

*२. वाईट वाटू द्यावं.*
"त्यात काय एवढं", "नशिबातच नव्हतं", "शेजारच्या पोराला बघ कशी लागली" ही वाक्यं आम्हीही आपापल्या घरात बोललो आहोत. त्यानं पोरं आणखी मिटली. समत्व म्हणजे दगड होणं नव्हे. एक-दोन दिवस पोराला त्याच्या त्याच्या गतीनं राहू द्या. गरम जेवण पुढं ठेवा, जवळ बसा, चौकशा करू नका. पाहुण्यांनी विचारलं तर आपणच सांगा, "प्रयत्न चालू आहेत."

*३. मग वही घ्यावी.*
मन थोडं निवळलं की वहीत दोन रकाने आखायचे. पहिल्यात आपल्या हातातलं: कोणते प्रश्न आले, कुठं अडखळलो, कंपनीची माहिती काढली होती का, केलेलं काम नीट सांगता आलं का. दुसऱ्यात आपल्या हातात नसलेलं: किती जण आले होते, कुणाचा अनुभव जास्त होता, जागा ऐनवेळी रद्द झाली का. पहिल्या रकान्यातली एकच गोष्ट निवडून पुढच्या मुलाखतीआधी सुधारायची. दुसरा रकाना सोडून द्यायचा. फळाची आसक्ती सोडणं आपण रोज ऐकतो, ते हेच.

*४. उत्तर सभ्य पाठवावं.*
दोन ओळींत आभार मानावेत आणि कुठं कमी पडलो ते नम्रपणे विचारावं. उत्तर येईलच असं नाही. पण निवडलेला माणूस कधी कधी रुजू होत नाही, तेव्हा पुढच्या नावाचा विचार होऊ शकतो. रागानं लिहिलेला मेसेज मात्र तो दरवाजा बंद करतो.

*५. एक उदाहरण.*
1958 साली डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत 25 जणांत डॉ. अब्दुल कलाम नववे आले. जागा होत्या आठ. मन खचलं, ते ऋषिकेशला गेले, स्वामी शिवानंदांना भेटले. 'अग्निपंख'मध्ये हे सगळं आहे. आपल्या बेळगावच्या माधुरी शानभाग यांनीच ते मराठीत आणलंय. लक्षात घेण्यासारखं पुढंच आहे. ते तिथंच बसून राहिले नाहीत. दिल्लीला परत जाऊन, आधी दिलेल्या दुसऱ्या मुलाखतीचं काय झालं ते त्यांनी विचारलं, आणि ती नोकरी मिळाली. प्रत्येक नववा राष्ट्रपती होत नाही. पण दुसरा अर्ज प्रत्येकाला करता येतो.

*६. एक सावधगिरी.*
दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण नाही, "जगून काय उपयोग" अशी भाषा येतेय, तर नामस्मरणावर भागवू नका. आणि "जगून काय उपयोग" हे शब्द एकदा जरी कानावर आले, तरी दोन आठवडे थांबू नका. डॉक्टरांकडे न्या. सरकारचा टेलि-मानस क्रमांक 14416 मोफत आहे, चोवीस तास चालतो.

मावशींचा परवा निरोप आला. नोकरी अजून नाही. पण पोरानं वही भरलीय, दोन नवे अर्ज टाकलेत आणि रात्री आईजवळ बसून भाकरी खाल्ली. आम्हाला एवढं पुष्कळ वाटलं.

*या आठवड्याचा स्वाध्याय:* तुम्हाला आलेला एखादा जुना नकार आठवा. त्याचे दोन रकाने लिहा आणि घरातल्या तरुणांना वाचून दाखवा.