लेखणीआधी करारपत्र

प्रश्न : मी घरून फ्रीलान्स मराठी लेखन सुरू करतेय. लॅपटॉप, सॉफ्टवेअरवर किती खर्च करू? (वाचक, नाशिक)

उत्तर : सध्या काहीच नको, आहे तो लॅपटॉप चालेल. टाइप मात्र युनिकोडमध्येच करा. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये फुकट मिळतो. सुरुवातीला बोटं अडखळतील, मग वेग येतो. पहिली खरेदी अरुण फडके यांच्या ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ची. मोल्सवर्थचा १८५७चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहे, मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे.

नवे लेखक डोळेझाक करतात ती कराराकडे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘सर्व हक्क कायमचे’ असं दिसलं की मानधन वाढवून मागा, संकोच कसला? काम फोनवरच ठरलं, तर शब्दसंख्या, रक्कम आणि पैसे कधी मिळणार हे त्याच दिवशी ईमेलने कळवून ठेवा. टीडीएस कापला असेल, तर तो प्राप्तिकर पोर्टलवर तुमच्या पॅनवर जमा दिसतोय ना, तेही बघा.