थोड्या शक्तीचा बिनतारी संदेश

आपल्या गाढी नदीचें पाणी माथेरानच्या डोंगरांतून येतें. तेथील पर्जन्यमापकानें आपले आंकडे बिनतारी यंत्रानें पनवेलीस कळविले, तर ता. २६ जुलै २००५ सारख्या अतिवृष्टींत लोकांस घटकाभर आधीं हलतां येईल. पण बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राचा पल्ला वाढवावा कसा? मोकळ्या जागेंतही अंतर दुप्पट करावयाचें तर शक्ति चौपट लागते. शिवाय ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झच्या परवानामुक्त पट्ट्यांत प्रेषकास एकाच वॅटची मुभा आहे.

म्हणून एरियल उंच न्यावी. सपाटीवर २५ मीटर उंचीवरून लहरींचें क्षितिज सुमारें २० किलोमीटर असतें, १०० मीटरवरून ४०. उंची चौपट तेव्हां पल्ला दुप्पट, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. डोंगर आड आल्यास त्याच्या माथ्यावर दुसरें यंत्र बसवून संदेश पुढें धाडावा.

दुसरी युक्ति सावकाशपणाची. पावसाचे चार आंकडे पोंचावयास दोन सेकंद लागले, तर कोणाचें काय बिघडतें? प्रत्येक खूण जितकी लांबवावी तितकी ती गोंगाटांतून ओळखूं येते. ‘लोरा’ पद्धतीचें मर्म हेंच.

शिवाय गांवांतील एरियल डोंगराकडेच रोखावी. १९२७ सालीं खडकी व दौंड येथील केंद्रांतून विलायतेशीं तारांची देवघेव सुरू झाली, तींतही लहरी एका दिशेस वळविण्याचीच युक्ति होती. मात्र वाऱ्यानें एरियल फिरली कीं संदेश हुकतो; पावसाळ्यापूर्वीं तिचे खिळे तपासावे.