लाल दिवा गेला, कागद राहिले

बारावीचा निकाल लागला की बारामती-इंदापूरकडे पूर्वी दोनच रांगा लागायच्या, इंजिनिअरिंगची आणि मेडिकलची. आता तिसरीही लागते. शाळेत वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेली मुलगी, नाहीतर घरच्या बांधाच्या वादात मोजणीचा नकाशा स्वतः उलगडून बसणारा मुलगा म्हणतो, ‘मला लॉ करायचंय.’ आईवडील थोडे दचकतात, मग स्वतःच तोडगा काढतात. वकिलीत काही खरं नाही, तू जज हो. मोठा जज. हायकोर्टाचा. बंगला, शिपाई, लाल दिव्याची गाडी. गाडीवरचा लाल दिवा १ मे २०१७ पासून बंद झाला, ही बातमी बऱ्याच घरांत अजून पोचलेली नाही.

दुसरीही एक गोष्ट पोचलेली नाही. हायकोर्टाचा न्यायमूर्ती होण्यासाठी कोणतीही परीक्षा नसते. जाहिरात निघत नाही, अर्ज मागवत नाहीत, त्यामुळे ‘कुठला क्लास चांगला?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. परीक्षा असते ती खालच्या पायरीची. तिथून किंवा वकिलीतून वर जायला वीसेक वर्षं सहज लागतात, आणि तरीही खुर्ची मिळेलच असं नाही. मुलाला या वाटेवर पाठवणाऱ्यांनी हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

या वाटेचा सगळ्यात बोलका जुना दाखला महादेव गोविंद रानडे यांचा, आणि तो याच भागातल्या एका दंग्याशी जोडलेला आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्यात बाजाराचा दिवस होता. आज बारामती तालुक्यात असलेल्या या गावात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. रोख रकमेपेक्षा त्यांना कागद हवे होते. कर्जखतं, रोखे आणि त्यांच्याच बरोबरीने कोर्टाचे हुकूमनामे. समन्स निघायचं, अंगठेबहाद्दर कुळ तारखेला यायचंच नाही, आणि सावकाराला एकतर्फी निकाल मिळायचा. सुप्याची आग पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरली. चौकशीला आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी. खतावर काय लिहिलंय एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता ते कोर्टाने खणून काढावं, असं त्यात होतं. नेहमीच्या अपिलाची वाट मात्र बंद केली होती. त्याऐवजी खालच्या कोर्टांचे निकाल तपासायला एक विशेष न्यायाधीश नेमला जाई.

रानडे या कामावर १८८१ मध्ये आले आणि १८८७ मध्ये ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले. तालुक्या-तालुक्याला जायचं, मुन्सफांची दप्तरं उघडायची, कुणबी आणि सावकार यांच्यातल्या खटल्यांचे निकाल वाचायचे, चुकलेले दुरुस्त करायचे. समाजसुधारक आणि अर्थशास्त्रज्ञ म्हणून रानडे सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्यांचं पोट न्यायखात्याच्या नोकरीवर होतं, हे शाळेच्या धड्यात एका ओळीत उरकतात. १८७१ मध्ये ते पुण्यात सबजज्ज झाले. मग नाशिक, धुळे, मुंबई, पुन्हा पुणे अशा बदल्या झाल्या. धुळ्याच्या बदलीमागे तर वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या काळातला सरकारी संशय होता. मुंबई हायकोर्टाची खुर्ची त्यांना १८९३ मध्ये मिळाली. सबजज्ज झाल्यापासून बावीस वर्षांनी.

ती खुर्ची रिकामी झाली होती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनाने. तेलंग वकिलीतून थेट १८८९ मध्ये न्यायमूर्ती झाले होते, चाळिशीच्या आत. एकाच खुर्चीवर लागोपाठ बसलेली ही दोन माणसं दोन वेगळ्या दारांतून आली होती. एक न्यायखात्याच्या नोकरीतून, दुसरा वकिलीतून. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला तरी दारं तीच आहेत.

आता हा न्यायमूर्ती दिवसभर करतो काय? सिनेमातलं कोर्ट विसरायचं. साक्षीदार, उलटतपासणी, पंचनाम्यावरची खडाजंगी हे सगळं खालच्या कोर्टात होतं. हायकोर्टात बहुतेक वेळा फक्त कागद येतात. इंदापूर तालुक्यात वाटणीचा दावा लागला असं समजू. निकाल दिवाणी न्यायाधीश देतो. पहिलं अपील जिल्हा न्यायालयाकडे जातं, आणि बारामतीतच अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश बसतात. तिथेही हरलेला भाऊ हायकोर्टात दुसरं अपील करतो. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे तिथे ‘साक्षीदार खोटं बोलला हो’ असं रडून चालत नाही, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. बरीचशी अपिलं इथेच, दाखल होतानाच गारद होतात. याशिवाय पालखी महामार्गासारख्या कामात गेलेल्या जमिनीचा मोबदला, साखर कारखान्याच्या निवडणुकीचे वाद, जामीन, सरकारी आदेशाला आव्हान देणाऱ्या रिट याचिका. खुनाच्या शिक्षेवरचं अपील दोन न्यायमूर्ती मिळून ऐकतात. रात्री घरी दुसऱ्या दिवशीच्या फायली वाचायच्या, सुटीच्या दिवशी राखून ठेवलेले निकाल लिहायचे. वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलाला इथे पाठवणं म्हणजे त्याचा छळ आहे.

या भागातलं अपील जातं कुठे, हेही जाता जाता सांगायला हवं, कारण २०२५ पासून त्यात गोंधळ झालाय. मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून बसू लागलं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे गेले. पुणे जिल्हा गेला नाही. म्हणून नीरेपलीकडच्या फलटण आणि अकलूजच्या पक्षकाराने कोल्हापूरची एसटी धरायची आणि अलीकडच्या बारामती-इंदापूरकराने मुंबईचीच. हायकोर्टात वकिली करू पाहणाऱ्या इथल्या मुलाने ही भूगोलाची गोष्ट लक्षात ठेवावी. नदीपलीकडच्या अशिलांची कामं आता कोल्हापुरात चालणार.

आता त्या दोन दारांकडे वळू. पहिलं दार नोकरीचं. महाराष्ट्र लोकसेवा आयोग दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशी परीक्षा घेतो. मध्यंतरी नुकतीच पदवी घेतलेल्यांनाही ती देता येत होती. २० मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. बऱ्याच पालकांना हा अन्याय वाटला. पोराची तीन वर्षं वाया! खरं तर याच तीन वर्षांत तारीख कशी मागतात, नाझर काय करतो, अशील अर्धं खरं का सांगतो, हे कळतं. एकाही अशिलासमोर न बसलेल्या पंचविशीतल्या मुलाने घटस्फोटाचा दावा ऐकावा, हे काही शहाणपणाचं नव्हतं. अटी अधूनमधून बदलतात, म्हणून क्लासवाल्याच्या पत्रकावर विसंबू नये, आयोगाची जाहिरात निघाली की तीच वाचावी.

निवड झाल्यावर भाईंदरजवळच्या उत्तन इथल्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण असतं. सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४० रुपये, त्यावर भत्ते. पुढे वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. अठ्ठाविसाव्या वर्षी लागलेला माणूस जिल्हा न्यायाधीश होईपर्यंत सहसा चाळिशी ओलांडतो, आणि हायकोर्टासाठी नाव गेलंच तर पन्नाशी. निवृत्ती बासष्टाव्या वर्षी. अमेरिकेतल्या फेडरल अपील कोर्टाचा न्यायाधीश तहहयात खुर्चीवर राहू शकतो, आपल्याकडे दहा वर्षं मिळाली तरी पुष्कळ. मधली एक जवळची वाट आहे. सात वर्षांची वकिली झालेल्याला जिल्हा न्यायाधीशपदाची सरळ परीक्षा देता येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने त्यात न्यायखात्यातल्या नोकरीची वर्षंही मोजायला परवानगी दिली आणि किमान वय ३५ ठरवलं.

दुसरं दार वकिलीचं. राज्यघटनेच्या कलम २१७ प्रमाणे हायकोर्टातली दहा वर्षांची वकिली पुरते. प्रत्यक्षात पंचेचाळिशीच्या आत नाव क्वचितच निघतं. हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नाव सुचवतात. मग राज्य सरकारचं मत, गुप्तचर खात्याचा अहवाल, केंद्र सरकार, सुप्रीम कोर्टातल्या तिघा ज्येष्ठ न्यायमूर्तींचं कॉलेजियम आणि शेवटी राष्ट्रपतींची सही. यात महिने जातात, कधी वर्षं. कुठल्या टप्प्यावर नाव का अडलं हे त्या वकिलाला कळेलच असं नाही.

अभय ओक यांनी १९८३ मध्ये ठाण्याच्या जिल्हा कोर्टात वडिलांच्या हाताखाली वकिली सुरू केली. ऑगस्ट २००३ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, नंतर कर्नाटकचे मुख्य न्यायमूर्ती आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात. मे २०२५ मध्ये निवृत्तीच्या तोंडावर त्यांच्या आई गेल्या. अंत्यसंस्कार उरकून ते दिल्लीला परतले आणि दुसऱ्या दिवशी अकरा निकाल दिले. भूषण गवई अमरावतीच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकले, १९८५ मध्ये वकिलीत आले, नोव्हेंबर २००३ मध्ये न्यायमूर्ती झाले आणि २०२५ मध्ये सरन्यायाधीश. दोघांनाही वकिलीपासून खुर्चीपर्यंत अठरा ते वीस वर्षं लागली.

इथे एक कडू गोष्ट बोलायलाच हवी. ओकांचे वडील वकील होते, गवईंचे वडील मोठे राजकीय नेते, माजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचे वडील तर स्वतः सरन्यायाधीश. घरात कायद्याची पुस्तकं किंवा सार्वजनिक जीवनातली ओळख असली की पहिली दहा वर्षं निभावतात. ऊसतोड मुकादमाच्या किंवा शिक्षकाच्या घरातून आलेल्या पहिल्या पिढीच्या वकिलाला मुंबईत खोलीभाडं भरतानाच नाकी नऊ येतात. ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सुचवलं. सुचवलं, सक्ती केली नाही. सनदेची फी मात्र सुप्रीम कोर्टाच्या जुलै २०२४ च्या निकालाने ७५० रुपयांवर आली, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ वर. घरचं पाठबळ तोकडं असेल तर नोकरीचं दार जास्त भरवशाचं. तिथे निदान गुणपत्रिका बोलते.

खुर्ची मिळाली की संपलं, असंही नाही. आधी बहुतेकदा अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून जास्तीत जास्त दोन वर्षांची नेमणूक होते. पुष्पा गणेडीवाला २००७ मध्ये थेट जिल्हा न्यायाधीश झाल्या होत्या, फेब्रुवारी २०१९ मध्ये हायकोर्टात आल्या. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याखालच्या त्यांच्या निकालांवर २०२१ मध्ये मोठी टीका झाली, वादातला निकाल सुप्रीम कोर्टाने रद्द केला, आणि कायम न होताच फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्तींची दुसऱ्या राज्यात बदलीही होते.

पगार महिना सव्वादोन लाख. मुंबईतला नावाजलेला वकील याहून कितीतरी जास्त कमावतो, त्यामुळे पैशासाठी कुणी ही खुर्ची घेत नाही. वर एकटेपणा येतो. १९९७ मध्ये न्यायमूर्तींनी स्वतःसाठी आचारसंहिता मान्य केली. वकिलांशी घनिष्ठ ऊठबस नको, राजकीय विषयांवर जाहीर मत नको, निवडणूक तर नकोच नको. ज्या भागात चहाच्या टपरीवरसुद्धा कारखान्याचं पॅनेल ठरतं, लग्नाच्या मांडवात आमदार शेजारी येऊन बसतात, तिथल्या माणसाला हे पथ्य फार जड जातं. आणि भावकी वेगळीच. ‘आपला माणूस जज आहे’ म्हणत फाइल घेऊन दारात आलेल्या सख्ख्या मामाला परत पाठवण्याची तयारी मुलाइतकीच आईवडिलांचीही हवी.

कॉलेजच्या नावावर पालक फार अडकतात. पुण्याचं १९२४ मधलं आयएलएस, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं चांगलीच आहेत. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं वसंतराव पवार लॉ कॉलेजही आहे. पण कॉलेजपेक्षा पहिला सीनिअर कोण मिळतो, यावर जास्त ठरतं. इंग्रजीचं मात्र टाळता येत नाही. राज्यघटनेच्या कलम ३४८ नुसार हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं. उलट खालच्या कोर्टातली साक्ष, सातबारा, फेरफार सगळं मराठीत असतं. ज्याला दोन्ही नीट वाचता-लिहिता येतं, त्याला भाषांतराच्या कुबड्या लागत नाहीत, आणि इथे मराठी माध्यमाचा मुलगा मागे नसतो. रोज एक निकाल वाचून इंग्रजीत पानभर सारांश लिहिण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे दोन कायदे लागू झाले. जुने खटले जुन्याच कायद्यावर चाललेत, म्हणून दादाची जुनी पुस्तकं रद्दीत घालू नयेत, नवी मात्र घ्यावीतच.

आणि सीईटीचा फॉर्म भरण्याआधी पालकांनी एवढं करावं. मुलाला बारामतीच्या किंवा इंदापूरच्या कोर्टात एक अख्खा दिवस मागच्या बाकावर बसवावं. खुल्या कोर्टात कुणालाही बसता येतं, पैसे पडत नाहीत, फक्त फोन बंद ठेवायचा. संध्याकाळी घरी आल्यावर काय पाहिलं ते विचारा. ‘नुसत्या तारखाच पडत होत्या’ एवढंच सांगून तो मोबाइल उघडत असेल, तर दुसरी शाखा बघा. कुणाचा कुठला कागद कमी पडला, न्यायाधीशांनी तो का मागितला, हे तो जेवताना सांगत बसला, तर फॉर्म भरा.