जिथे अनंत नाही, तिथला कम्पायलर

व्हॅक्स हे १९७७ सालचं यंत्र. फ्लोटिंग पॉइंटचं आयईईई ७५४ हे मानक आलं १९८५ साली. त्यामुळे व्हॅक्सचं अपूर्णांकांचं गणित त्याच्या स्वतःच्या पद्धतीचं. नेटबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम अजूनही या यंत्रावर चालते, म्हणून जीसीसी या कम्पायलरला या गणिताची काळजी घ्यावी लागते. या कामात नव्यानं येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असतं: चाचणी नापास झाली की लगेच कम्पायलरला हात लावू नका, आधी चाचणीनं काय गृहीत धरलंय ते वाचा.

व्हॅक्समध्ये अनंत नाही, नॅन (‘संख्या नाही’ असं सांगणारं मूल्य) नाही, उणे शून्यही नाही. चिन्हाचा बिट १ आणि घातांक ० असलेली संख्या गणितात आली, की प्रोसेसर फॉल्ट देतो. चिन्हाचा बिट उलटवून संख्या ऋण करण्याची नेहमीची युक्ती शून्यावर चालवली, तर प्रोग्राम कोसळतो. ही युक्ती कम्पायलरनं वापरली असेल, तर दोष त्याचाच. पण व्हॅक्सवर डबलचे डी आणि जी असे दोन प्रकार आहेत; डबलमध्ये १०चा १००वा घात मावेल असं धरून चालणारी चाचणी डी प्रकारात पडली, तर दोष चाचणीचा. डी प्रकारात घातांकाला ८ बिट, मर्यादा साधारण १.७ गुणिले १०चा ३८वा घात. जी प्रकारात घातांकाला ११ बिट, तिथे १०चा १००वा घात आरामात मावतो. म्हणून बग नोंदवताना प्रकार लिहाच.

आमच्याकडे तपासायला आलेल्या एका पॅचनं अनंताच्या जागी गुपचूप सर्वांत मोठी संख्या बसवली होती. चाचण्या पास झाल्या. पण १ भागिले ० हे कम्पायलरनं आधीच सोडवलं, तर भलीमोठी संख्या मिळे. तोच भागाकार यंत्रावर झाला, तर फॉल्ट. ऑप्टिमायझेशन बदललं की प्रोग्रामचं वागणं बदले. असा पॅच परत पाठवा.

हा फरक पकडायचा, तर प्रत्येक गणित दोनदा करून घ्या: एकदा थेट स्थिरांकांवर, एकदा व्होलाटाइल चलांवर. मग दोन्ही उत्तरांचे बिट ताडून पाहा. छापलेल्या दशांशांवर विसंबू नका. सिंगलमध्ये १,६७,७७,२१६ अधिक १ करून बघा. खरं उत्तर दोन शेजारी संख्यांच्या बरोबर मध्ये पडतं. आयईईई सम बाजूला झुकून १,६७,७७,२१६ देतं, व्हॅक्स वर जाऊन १,६७,७७,२१८. स्थिरांकाचं उत्तर पहिलं आणि यंत्राचं दुसरं आलं, तर कम्पायलर परक्या नियमानं गणित करतोय.

सिमएच एम्युलेटरवर रोजचं काम भागतं. तरी फॉल्ट आणि राउंडिंगच्या चाचण्या, जमेल तेव्हा, खऱ्या यंत्रावरही चालवा. आणि अनंतावर बेतलेली चाचणी काढून टाकू नका. अनंत असलेल्या यंत्रांपुरतीच ती चालेल अशी अट घाला, नि व्हॅक्सवर काय व्हायला हवं ते तपासणारी वेगळी चाचणी तिच्या शेजारी लिहा.