सॉफ्टवेअरला ॲडव्हान्स देण्याआधी काउंटरवरच्या मुलाला बसवा

ट्रेनिंगला आलेल्यांपैकी कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, दुकानासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवून घ्यायचंय, किती खर्च येईल?" मी आधी विचारते, वापरणार कोण? "काउंटरचा मुलगा." त्याला विचारलंत का? इथे सगळे गप्प.

गंमत बघा. ऑर्डर मालक देतो, पैसे मालक देतो, डेमोही मालकच बघतो. तोही दुपारी निवांत खुर्चीत बसून, एका साबणाचं बिल करून. प्रत्यक्षात ते वापरलं जातं संध्याकाळी ७ वाजता, समोर सहा गिऱ्हाइकं असताना. एक जण पाव किलो शेंगदाणे सांगतो, लगेच "अर्धा किलोच द्या" म्हणतो. एक ताई अर्धं बिल झाल्यावर तेल विसरलं म्हणून परत आत जातात. त्यांचं बिल बाजूला ठेवून पुढच्याचं घेता येत नसेल तर मुलगा काय करतो? वही काढतो. महिन्याभरात सॉफ्टवेअर पडून, धंदा वहीवर. पैसे गेले ते गेलेच, वर स्टॉकचा आकडाही खोटा.

यावरचा उपाय जुना आहे. स्वीडन-डेन्मार्कमध्ये १९८१ ते १९८५ या काळात 'युटोपिया' नावाचा प्रकल्प झाला. वर्तमानपत्रांच्या छपाईत कॉम्प्युटर येत होते आणि आपलं कौशल्य बाजूला पडेल अशी कामगारांना धास्ती होती. त्यांच्या युनियनने संशोधकांबरोबर बसून आपल्याला यंत्र कसं हवं ते ठरवायला घेतलं. आधी तांत्रिक आराखडे दाखवून बघितले, त्यातून कामगारांशी बोलणं काही जमेना. मग कागद, पुठ्ठा, प्लायवूड घेऊन खोटं मशीन उभं केलं. रिकाम्या खोक्यावर लिहिलं, लेझर प्रिंटर! त्यासमोर उभं राहून पान लावायचं काम करून बघितलं की कुठे अडतंय ते कामगारच सांगू शकत होते. पुठ्ठा कापायला कोण घाबरतो?

आपल्याला प्लायवूडही नको. ए४ कागदावर पेनाने स्क्रीन काढा, बटणं काढा, आणि मुलाला काम द्या. "हे बटण दाब" असं नाही. "काल २०० ची उधारी नेलेल्या काकांनी आज १५० दिले, नोंद कर" असं. तो कागदावर बोट ठेवेल, तुम्ही पुढचा कागद समोर सरकवा. आणि तोंड बंद! हे सगळ्यात अवघड आहे, आपल्याला शिकवायची खोडच असते. तो "छान आहे" म्हणेल, कारण मालकासमोर "कळत नाही" म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून त्याचं बोट बघा. कुठे थांबलं, कुठे चुकीच्या जागी गेलं, तेवढं लिहून घ्या. जमलं तर स्वतः न बसता दुसऱ्या कुणाला बसवा.

किती जण लागतात? याकोब नील्सन हे या विषयातलं मोठं नाव. २००० साली त्यांनी लिहिलं की पाच जणांवर चाचणी केली की बहुतेक अडचणी दिसतात. १५ जणांना एकदम बसवण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या करा आणि मधे दुरुस्ती करा. दुकानाला तर मुलगा, संध्याकाळी गल्ल्यावर बसणाऱ्या वहिनी आणि हिशोब बघणारे, एवढ्यांपासून सुरुवात होते.

एक मात्र आहे. वापरणारा अडचण बरोबर सांगतो, उपाय बरोबर सांगेलच असं नाही. आमच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "अक्षर मोठं करा." शेजारी उभं राहून बघितलं तर वस्तूंची नावं इंग्रजीत, आणि तो एकेक अक्षर लावत वाचत होता. नावं मराठीत टाकली, अक्षर आहे तेवढंच राहिलं, काम झालं.

आता पैशाचं. डेव्हलपरकडून कोटेशनमध्येच लिहून घ्या: कोडिंगच्या आधी कागदावर एक फेरी, अर्धं तयार झाल्यावर काउंटरवर दुसरी, आणि शेवटचा हप्ता गर्दीच्या वेळेसकट आठवडाभर नीट चालल्यावर. "शेवटी बदल करून देऊ" यावर जाऊ नका. तेव्हा प्रत्येक बदलाचं वेगळं बिल लागतं. आणि या फेऱ्यांसाठी मुलाला दुकान बंद झाल्यावर थांबवू नका. कामाच्या वेळेतच, दुपारी गिऱ्हाईक कमी असताना बसवा. दमलेला माणूस सगळ्यालाच हो म्हणतो.