गॅरेजची जमीन मोकळी ठेव

बाळा, नव्या घरात दहा बाय अठरा फुटांचं गॅरेज काढलंस, फार बरं केलंस. आता त्याच जागेत तुला लाकूडकामाचं टेबल हवंय, कॅरम हवाय आणि रविवारी संध्याकाळी चार माणसं टेकतील अशी बैठकही हवीय. हे जमण्यासारखं आहे. माझी उमेदीची वर्षं कोल्हापुरात उद्यमनगरात गेली. तिथं मिस्त्रींनी जे कानात सांगितलं आणि पुढं घरच्या गॅरेजात मी जे पाळत आलो, ते आता तुझ्या कानावर घालतो.

बहुतेक जण गॅरेजची वाटणी करतात. डावीकडं काम, उजवीकडं करमणूक, मध्ये पडदा. पडद्यानं धूळ अडत नाही आणि आठ दिवसांत पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच भुसा दिसतो. खरं म्हणजे कामाचं आणि करमणुकीचं आपसात काही वैर नाही. वैर आहे ते धूळ, ठिणगी आणि वास या तिघांचं माणसांशी. म्हणून वाटणी जागेची करू नकोस, कामांची कर. सायकलची चेन बदलणं, पंखा खोलून तेलपाणी करणं, पटाशीनं बारीक कोरीव काम, सूनबाईचं शिवणकाम, ही सगळी निर्मळ कामं. ती गप्पा चालू असतानाही होतात, उलट गप्पांनी रंगतात. पॉलिश पेपर मारणं, कटरनं प्लायवूड कापणं, ग्राइंडर आणि थिनरचं काम ही दुसऱ्या जातीची. ती एक तर अंगणात, नाहीतर बैठकीला बरेच तास असताना. एवढं पाळलंस तर निम्मं काम झालं.

गाडीचा हिशेब आधीच मांड. चार मीटरच्या आतली गाडीसुद्धा तेरा फूट लांबी आणि साडेपाच फुटांच्या वर रुंदी खाते. दोन्हीकडं दारं उघडायला दोन-दोन फूट सोडले की दहा फुटांची रुंदी संपली. लांबीत मात्र अठरातून तेरा गेले, पाच उरले. म्हणजे तुझी खरी कार्यशाळा मागच्या भिंतीला. दोन फूट खोलीचं टेबल आणि उभं राहायला तीन फूट. बाजूच्या भिंतींवर एका वितीपेक्षा जास्त पुढं येणारं काही ठोकू नकोस, नाहीतर गाडीचं दार रोज त्यावर आपटेल. काम असेल किंवा बैठक असेल तेव्हा गाडी बाहेर उभी राहील. टेबल टेनिसचा मोह मात्र सोड. ते टेबलच नऊ फूट लांब आणि पाच फूट रुंद असतं, मागं तुझं कामाचं टेबल आल्यावर खेळणाऱ्याला सरकायला जागा उरत नाही.

मधली जमीन कायम मोकळी राहिली पाहिजे. ती कुणाच्या मालकीची नाही, त्या घडीला जो वापरतोय त्याची. जमिनीवर कायमचं काही ठेवायचं नाही. वस्तू भिंतीवर तरी असावी किंवा ब्रेक लागणाऱ्या चाकांवर तरी. एकदा का रंगाचा डबा ‘तात्पुरता’ म्हणून कोपऱ्यात बसला की त्याच्या शेजारी जुना मिक्सर येतो, मग फुटकी बादली, मग रद्दी. वर्षभरात तिथं ना काम होतं ना करमणूक, आणि गाडीही बाहेरच राहते. तुझ्या आसपासची पाच-सहा गॅरेजं उघडून बघ, म्हणजे मी काय म्हणतो ते दिसेल.

टेबल करताना सुताराला आयतं माप देऊ नकोस, तुझ्या अंगाचं माप दे. शेगडा बसवायचा असेल तर सरळ उभा राहा, मूठ हनुवटीखाली धर आणि कोपर खाली सोड. कोपराचं टोक जिथं येईल तिथं शेगड्याच्या जबड्याची वरची कड यायला हवी. कानस मारताना मग खांदे वर चढत नाहीत आणि पाठ भरून येत नाही. रंधा मारायचं टेबल त्याहून खाली लागतं. हात सरळ खाली सोडून मनगट जिथं येतं, साधारण तिथं. दोन्ही कामं करणार असशील तर टेबल रंध्याच्या उंचीचं कर आणि शेगडा एका जाड लाकडी ठोकळ्यावर बसवून तो ठोकळा बोल्टांनी टेबलाला जोड. बोल्ट काढले की शेगडा खाली जातो आणि त्याच टेबलावर संध्याकाळी चहाचा ट्रे ठेवता येतो.

आता जमिनीवरच्या किसाबद्दल नीट ऐक. आपल्याकडं बैठक म्हणजे सतरंजी आणि अनवाणी पाय. लोखंड कापलं किंवा कानसलं की बारीक कीस सांडतो. झाडूनं तो पूर्ण निघत नाही, शहाबादी फरशीच्या सांध्यांत जाऊन बसतो आणि मग एखाद्या पोराच्या तळव्यात शिरतो. जुन्या मोठ्या स्पीकरचं चुंबक मिळव. ते प्लास्टिकच्या पिशवीत घाल, पिशवीचं तोंड पिळून धर आणि फरशीवरून, सांध्यासांध्यांतून सावकाश फिरव. पिशवीला काळी दाढी फुटल्यासारखा कीस चिकटतो. मग पिशवी आतून बाहेर उलटी कर आणि चुंबक ओढून काढ. सगळा कीस पिशवीत राहतो, चुंबक स्वच्छ. नागडं चुंबक वापरलंस तर त्याला चिकटलेला कीस नखांनी उकरत बसावं लागेल. ॲल्युमिनियम आणि पितळ याला दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी ओलं फडकंच. लाकडाचा भुसा झाडण्याआधी पाण्याचा शिडकावा दे. फेकून मात्र देऊ नकोस. एक डबाभर कोरडा भुसा राखून ठेव, इंजिनचं तेल सांडलं की त्यावर पसर, थोड्या वेळानं झाडून घे. तेल प्यायलेला तो भुसा मग आत ठेवायचा नाही.

ग्राइंडरसाठी अंगणच. तो आत चालवावाच लागला तर ठिणग्या कुठं जातात ते आधी बघ. ती जळती लोखंडाची कणी असते. काचेवर, गाडीच्या रंगावर, चकाकत्या टाइलवर ती रुतून बसते आणि पुढं गंजाचा ठिपका होतो. समोर ओलं गोणपाट टांग. काम संपल्यावर लगेच शटर ओढून जाऊ नकोस, अर्धा तास तिथंच आवराआवर कर. भुशात पडलेली ठिणगी लगेच पेटत नाही, आतल्या आत धुमसते. चाकावर लिहिलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असतील तर ते चाक लावायचं नाही, आणि गार्ड काढायचा नाही. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे, मफलर, ओढणी, सुटे केस काही चालत नाही. यात सवलत नाही.

कॅरमचं आता सांगतो, कारण तो तुझ्या मनाच्या जास्त जवळ आहे. खेळायचा पृष्ठभाग चौऱ्याहत्तर सेंटिमीटर चौरस असतो आणि त्याचा सगळा जीव त्या गुळगुळीतपणात. त्यावर भुसा बसला तर पुसून निघेल, लोखंडाचा कीस बसला आणि वरून स्ट्रायकर फिरला तर ओरखडा कायमचा. जाड कापडाची गवसणी शिवून घे. बोर्ड ठेवायचा तर सपाट किंवा अगदी उभा, तिरका टेकवला तर बाक येतो. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला चिकटवू नकोस, ओल धरते. बोर्डाच्या बरोबर मध्यावर, डोळ्यांवर येणार नाही असा एकच दिवा टांग. पेटीची हौस असेल तर ती मात्र घरातच राहू दे. पितळी सुरावर भुशाचा एक कण अडकला तरी तो सूर मुका होतो.

विजेची तार ओढताना इलेक्ट्रिशियनजवळ स्वतः उभा राहा. मशिनींची लाइन वेगळी आणि दिव्या-पंख्याची वेगळी घ्यायला लाव. कटर लाकडात अडकला, लोड वाढला आणि एमसीबी पडला तर मशीन बंद पडावं, दिवे नाहीत. कटरचं पातं अजून फिरतंय आणि अंधार झालाय, ही वेळ कुणावर येऊ नये. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पक्कं अर्थिंग हवंच, कारण ओल्या फरशीवर अनवाणी माणसं बसणार आहेत. मशिनींच्या लाइनला उंचावर एकच मेन स्विच ठेव आणि बैठक असेल तेव्हा तो पाडलेला असू दे. पोरं खेळता खेळता बटणं दाबतातच. आणखी एक, जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फिरतं चाक कधीकधी थांबल्यासारखं दिसतं, कारण ती ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. टेबलावर चांगला एलईडी लाव.

वासाचं आणि वाफेचं गांभीर्य लोकांना कळत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीलाही गाठते. म्हणून पेट्रोलचा कॅन गॅरेजात नको, आणि हवेची एक जाळी भिंतीत खाली, जमिनीलगत काढ. दुसरी वर. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तो वर जातो. शटर खाली असताना स्कूटर किंवा जनरेटर मिनिटभरसुद्धा चालू करू नकोस. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, माणूस बसल्या जागी गुंगतो. अळशीच्या तेलाचं पॉलिश केलंस तर त्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. ते तेल वाळताना तापतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून चिंधी काडी न लावता आपोआप पेटते. एकेक चिंधी सुटी करून बाहेर तारेवर वाळत घाल.

हत्यारं गंजतात म्हणून सगळे पावसाला दोष देतात. गॅरेजात संडास धुण्याच्या ॲसिडची बाटली ठेवली आहेस का ते आधी बघ. झाकण घट्ट असलं तरी तिची वाफ सुटते आणि पाने, कानशी, पटाश्या लाल पडतात. ती बाटली आजच हलव. हत्यारांच्या पेटीत कापराच्या वड्या ठेवायची जुनी रीत आहे, ती चालू ठेव. आणि काम झाल्यावर तेलाचा हात. घामात मीठ असतं, बोटांचा ठसा तसाच राहिला तर काही दिवसांत तिथं गंज उमटतो.

वेळेचं म्हणशील तर सकाळ कामाची, संध्याकाळ बैठकीची. बारीक धूळ काम थांबल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत असते, ती बसायला दुपार मिळते. शेजाऱ्यांचाही विचार हवा. कायद्यानं निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा पंचेचाळीस डेसिबल आहे, दिवसा पंचावन्न. ग्राइंडर याच्या कितीतरी वर जातो. कायदा दुपारचं काही वेगळं बोलत नाही, पण एक ते चार तू मशीन लावू नकोस. शेजारी म्हातारी माणसं पडलेली असतात. आणि उद्यमनगरात पाळी सुटण्याआधीची पंधरा मिनिटं मशीन पुसायची असत, ती कामाच्या वेळातच धरलेली. तूही तसंच धर.

तुझ्या मित्राला सोसायटीच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये हेच करायचंय असं म्हणालास. त्याला नको म्हणून सांग. ती सर्वांच्या सामाईक वापराची जागा, हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. तिथं टेबल ठोकता येत नाही.

खंडेनवमीला सगळी हत्यारं खाली उतरवायची, पुसायची, धार लावायची, मांडायची आणि पूजा करायची. ही रीत सोडू नकोस. वर्षातून एकदा प्रत्येक हत्यार हातातून जातं, म्हणून कुठला पाना झिजला, कुठल्या हातोडीचा दांडा ढिला झाला ते कळतं. वर्षभर ज्याला हात लागला नाही ते त्याच दिवशी गरजवंताला देऊन टाक. त्याआधी श्रावणात गणपतीचं मखर तुझ्या गॅरेजात बनू दे. गल्लीतली पोरं येतील, कुणी थर्माकोलऐवजी पुठ्ठा कापेल, कुणी पताका चिकटवेल, कुणी नुसतं बसून कॅरम खेळेल. त्यांना हत्यार हातात द्यायला कचरू नकोस, शेजारी उभा राहून दे. मीही असाच शिकलो.

येत्या रविवारी कॅरम आणायला बाजारात जाशील, तेव्हा त्याच फेरीत एबीसी पावडरचा अग्निशामक घेऊन ये. लाकूड, पेट्रोल आणि वीज तिन्हीला तो चालतो. कामाच्या टेबलाशेजारी टांगू नकोस, आग लागली तर तिथंच लागेल आणि तुला त्याच्यापर्यंत जाता येणार नाही. शटरजवळ, बाहेर पडायच्या वाटेवर टांग, आणि सूनबाईला तो वापरायचा कसा हे आधी शिकव.